अन्नाची आडवाट

वितभर पोटासाठी माणूस काय काय करतो, हा आपल्याकडे नित्य बोलण्याचा विषय आहे. परंतु ते वितभर पोट माणसासाठी काय काय करते, याचा विचार क्वचितच कोणी करतो. जठर म्हणजे अन्न साठविणारी पिशवी आणि आतडे म्हणजे ते पुढे नेणारी नळी, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. पिशवी बिघडली तर ती कापून टाकावी, नळी फार शोषून घेते असे वाटले तर ती आखूड करावी, हे त्या समजुतीतून निघणारे गणित वरवर अगदी सोपे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शस्त्रवैद्यांनी हे गणित वारंवार मांडून पाहिले. देह मात्र त्याला बधला नाही. त्याने दर वेळी आपला हिशेब मागाहून सादर केला. कधी दोन वर्षांनी, कधी पाच, तर कधी दहा. स्थूलतेवरील उपाय म्हणून ‘गॅस्ट्रिक बायपास’ या नावाने जी शस्त्रक्रिया आज जगभर केली जाते, तिचा इतिहास हा वस्तुतः या उशिरा येणाऱ्या हिशेबाचा इतिहास आहे.

या इतिहासाचा प्रारंभ स्थूलतेपासून होत नाही. तो कर्करोगापासून होतो. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्याने ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा रोगग्रस्त भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्याला जोडून दिले. तत्पूर्वी फ्रान्समध्ये पेआं याने आणि पोलंडमध्ये रिडिगिएर याने असे प्रयत्न केले होते, पण त्यांचे रुग्ण वाचले नव्हते. बिलरोथची रुग्ण शस्त्रक्रियेतून बरी होऊन जेवूखाऊ लागली. मूळ रोगाने तिला सुमारे चार महिन्यांनी गाठले हे खरे. तथापि जठर कापल्यावरही माणूस अन्न खाऊन जगू शकतो, हे सिद्ध झाले होते. १८९७ मध्ये झ्यूरिकच्या कार्ल श्लाटर याने त्याही पुढचे पाऊल टाकले. त्याने एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या स्त्रीचे संपूर्ण जठर काढले आणि ती त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगली. त्याच दशकात लोझान येथील सेझार रू याने आतड्याची एक नवी जोडणी रूढ केली. लहान आतडे मध्येच कापायचे, त्याचे खालचे टोक वर ओढून जठराला जोडायचे आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस घेऊन येणारे वरचे टोक थोडे खाली त्याच आतड्याच्या कडेला बसवायचे, अशी ती रचना होती. दोन ओढे एकत्र येऊन पुढे एकच प्रवाह व्हावा, तसा तिचा आकार इंग्रजी ‘वाय’ या अक्षरासारखा दिसतो. रूच्या मनात तेव्हा स्थूलतेचा विचार नव्हता. पण सत्तरऐंशी वर्षांनी त्याचे नाव याच जोडणीमुळे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत नित्य उच्चारले जाणार होते.

जठर काढूनही माणूस जगतो, हे पाहून जठराचे महत्त्व फारसे नसावे असे काहींना वाटले. तेथेच पहिला हिशेब पुढे आला. ज्या रुग्णांचे जठर संपूर्ण काढले होते आणि जे पुढे पुष्कळ वर्षे जगले, त्यांच्यात काही काळाने पांडुरोग दिसू लागला. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने बेढब मोठ्या होऊ लागल्या. जीभ लाल व गुळगुळीत, हातापायांना मुंग्या, चालण्यात अस्थिरता अशी लक्षणे प्रकट झाली. ज्याला वैद्यक ‘मारक पांडुरोग’ म्हणत असे, त्या असाध्य रोगाचीच ही प्रतिकृती होती. जठराचा आणि रक्ताचा संबंध काय, हे कोडे कोणास उलगडेना.

ते कोडे सोडविण्याचे श्रेय अमेरिकेतील बॉस्टन शहराकडे जाते. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी यांनी मारक पांडुरोगाच्या रुग्णांना भरपूर यकृत खाऊ घालून बरे केले. यकृतात काहीतरी होते. पण निरोगी माणसाला ते मुद्दाम खावे लागत नाही आणि या रुग्णांनाच का लागते, हा प्रश्न उरला. विल्यम कॅसल या तरुण वैद्याने त्याचे उत्तर शोधण्यासाठी स्वतःचेच जठर कामाला लावले. तो तीनशे ग्रॅम बारीक केलेले गोमांस खाई, तासाभराने ते आपल्या जठरातून बाहेर काढी आणि नळीवाटे रुग्णाच्या पोटात घाली. नुसते मांस दिल्याने ज्या रुग्णांत काही फरक पडत नव्हता, त्यांचे रक्त कॅसलच्या जठरातून आलेल्या मांसाने सुधारू लागले. १९२९ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. अन्नात एक घटक असतो आणि निरोगी जठर दुसरा घटक पाझरते. दोहोंची गाठ पडल्यावाचून रक्त तयार होत नाही. अन्नातील तो घटक १९४८ मध्ये अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत शुद्ध स्वरूपात हाती आला आणि त्याला ब-१२ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. पुढे त्याच्या रचनेचा शोध लावणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जठराने दिलेल्या सोबत्याचा हात धरून हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत जाते आणि तेथेच शोषले जाते. यकृतात त्याचा साठा कित्येक वर्षे पुरेल इतका असतो. जठर काढल्यानंतरचा पांडुरोग इतक्या उशिरा का येतो, याचे रहस्य या साठ्यात होते. आवक थांबली तरी कोठार रिकामे होईपर्यंत घरात कोणाला कळत नाही, तसाच हा प्रकार होय.

याच सुमारास मुंबईत दुसरे एक संशोधन चालू होते. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्लिश संशोधिका मुंबईस आल्या होत्या. गरीब कामकरी स्त्रियांना गरोदरपणात होणारा पांडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या स्त्रियांचे रक्त मारक पांडुरोगासारखेच दिसे, पण रोग निराळा होता. आहार निकृष्ट असला की तो होई आणि ‘मार्माइट’ या यीस्टपासून केलेल्या स्वस्त पदार्थाने तो बरा होई, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या पदार्थातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. बॉस्टन आणि मुंबई येथील या शोधांचे तात्पर्य एकच निघते: पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. अन्नात द्रव्य असावे लागते आणि ते द्रव्य उचलणारी जागाही शाबूत असावी लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यास परिस्थिती पालटू लागली. पाश्चात्त्य देशांत अन्नाची विपुलता झाली आणि अतिस्थूलता हा तेथील वैद्यकाचा प्रश्न बनला. पथ्याने उतरलेले वजन पुन्हा चढते, हा अनुभव नित्याचा होता. मग काही शस्त्रवैद्यांना वाटले की, माणसाला कमी खायला लावणे जर अशक्य आहे, तर खाल्लेले कमी शोषले जाईल अशी योजना का करू नये? १९५२ मध्ये स्वीडनमधील हेन्रिक्सन याने एका स्थूल स्त्रीच्या लहान आतड्याचा एक मीटरहून थोडा अधिक लांबीचा तुकडा काढून टाकला. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन आणि त्याचे सहकारी यांनी कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा वरचा अर्धा भाग गेला तर प्राणी तो तोटा बऱ्याच अंशी सोसतो, पण खालचा अर्धा भाग गेला तर स्निग्ध पदार्थांचे शोषण ढासळते आणि वजन घटते, असे त्यांना आढळले. त्याच लेखाबरोबर त्यांनी एका माणसावर केलेल्या शस्त्रक्रियेचीही माहिती दिली.

लॉस एंजेलिस येथे पेन आणि डिविंड यांनी १९५६ पासून हा मार्ग अधिक धाडसाने चोखाळला. प्रारंभी त्यांनी लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. दहा रुग्णांची वजने झपाट्याने उतरली. परंतु अखंड अतिसाराने आणि शरीरातील क्षारांच्या ऱ्हासाने ते इतके खंगले की, ती वाट पूर्ववत करणे भाग पडले. वाट पूर्ववत होताच गेलेले वजनही परत आले. मग १९६९ मध्ये त्यांनी सुधारलेली पद्धत मांडली. लहान आतड्याच्या वरच्या भागातील सुमारे ३५ सेंटिमीटर आणि अगदी शेवटचे १० सेंटिमीटर एवढीच अन्नाची वाट ठेवायची आणि मधले काही मीटर आतडे पोटात निरुद्योगी पडू द्यायचे, अशी ती योजना होती. रुग्ण मनाला येईल ते खात आणि तरीही बारीक होत. ‘आखूडशिंगी, बहुदुधी’ अशी गाय अखेर सापडली, असेच अनेकांना वाटले, आणि हजारो शस्त्रक्रिया झाल्या.

पण हिशेब याही वेळी आलाच, आणि तो भयंकर होता. न पचलेल्या स्निग्ध पदार्थांनी आतड्यातील कॅल्शियम अडवून ठेवला. त्यामुळे एरवी कॅल्शियमशी बांधले जाणारे ऑक्झलेट मोकळे होऊन रक्तात शिरले आणि मूत्रपिंडांत खडे झाले. रातांधळेपणा आला, हाडे मऊ पडली, सांधे सुजले. कित्येकांचे यकृत निकामी होऊन त्यातच त्यांचा अंत झाला. स्थूलतेतून सुटलेला रोगी आगीतून फुफाट्यात पडला होता. १९८० च्या सुमारास ही पद्धत सोडून देण्यात आली आणि ज्यांच्यावर ती झाली होती, अशा अनेकांची आतडी पुन्हा जोडून द्यावी लागली. मनुष्य कमी शोषून सुखाने बारीक राहील, ही कल्पना अशा रीतीने अनुभवाच्या कसोटीस उतरली नाही.

दरम्यान अमेरिकेतीलच आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शस्त्रवैद्याचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले होते. जठराच्या व्रणासाठी ज्या स्त्रियांचे जठर बरेचसे कापले जाई, त्यांना नंतर वजन वाढविणे जड जाते, हे त्याने पाहिले. व्रणाच्या रुग्णांचा हा तोटा स्थूल माणसाचा लाभ ठरू शकेल, असा विचार करून मेसन आणि त्याचा जपानी सहकारी चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये नवी शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या वर्षी ती प्रसिद्ध केली. त्यांनी जठर काढून टाकले नाही. वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. उरलेले जठर आणि त्यापुढील ग्रहणी हा आतड्याचा पहिला भाग अन्नाच्या वाटेवरून बाजूला राहिला. अन्न आडवाटेने जाऊ लागले. १९७७ मध्ये केंटकीच्या वॉर्ड ग्रिफेन याने या शस्त्रक्रियेला रूची जुनी जोडणी लावली, तेव्हा पित्त उलटून जठरात येण्याचा त्रास टळला. १९९४ मध्ये सॅन डिएगोच्या विट्ग्रोव्ह आणि क्लार्क यांनी पोट न फाडता, लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने ती करून दाखविली. आज या शस्त्रक्रियेत जठराची सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढीच कुपी ठेवतात, आणि लहान आतड्याच्या सुमारे सहा मीटर लांबीपैकी एकदोन मीटरच पाचक रसांच्या संगमाच्या वर राहतात. शोषणासाठी उरलेली वाट अजून पुष्कळ लांब असते.

मग वजन कशाने उतरते? प्रदीर्घ काळ असे समजले जाई की, थोडे जठर लहान झाल्याने आणि थोडे शोषण घटल्याने. २०१० मध्ये टेक्सासमधील डॅलस येथील संशोधकांनी नऊ रुग्णांचे खाणे आणि विसर्जित मळातील उष्मांक यांचा काटेकोर हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर शरीराला मिळणाऱ्या उष्मांकांत जी घट झाली, तिच्यातील केवळ ६ टक्के घट पाचव्या महिन्यात आणि ११ टक्के चौदाव्या महिन्यात शोषण कमी झाल्यामुळे होती. बाकी सर्व घट रुग्ण कमी खात होते म्हणून झाली होती.

माणूस कमी खाऊ लागतो, हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण ते किती विलक्षण आहे, हे कळण्यासाठी पुन्हा मिनेसोटा विद्यापीठाकडे वळले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अॅन्सेल कीज यांनी तेथे ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. त्या काळात त्यांना अन्नावाचून दुसरे काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचीत, जेवणाची स्वप्ने पाहत, ताट चाटून पुसून स्वच्छ करीत. आणि बंधन उठल्यावर कितीही खाल्ले तरी त्यांची तृप्ती होईना. हे तरुण स्थूल नव्हते हे लक्षात घेतले, तरी वजन घटविणाऱ्या माणसावर देह कसा सूड उगवितो, हे त्या प्रयोगाने दाखविले. नेमके तेवढेच, एकचतुर्थांश, वजन गॅस्ट्रिक बायपासनंतर दहा वर्षे घटलेले राहते, आणि तरीही या रुग्णांना तशी भूक छळीत नाही.

याचे कारण आतड्याच्या दुसऱ्या एका कार्यात आहे. आतडे केवळ शोषीत नाही, ते बोलतेही. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरातून स्रवणारे घ्रेलिन नावाचे हॉर्मोन सापडले. ते मेंदूला भुकेची वार्ता पोहोचविते. २००२ मध्ये सिॲटल येथील संशोधनात असे दिसले की, पथ्याने वजन घटविणाऱ्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढते, तर बायपास झालेल्यांत ते अत्यंत कमी असते. पुढील सर्व अभ्यासांत ही घट सारखी आढळली नाही. परंतु दुसरी गोष्ट पुनःपुन्हा आढळली. अन्न आडवाटेने लवकर खाली पोहोचते, तेव्हा आतड्याच्या खालच्या भागातून तृप्तीची वार्ता देणारी हॉर्मोने अधिक प्रमाणात स्रवतात. भूक मरत नाही, पण ती लवकर समाधान पावते. पेन आणि डिविंड यांनी अन्नाची वाट तोडून जे साधू पाहिले, ते मेसनच्या शस्त्रक्रियेने वार्तांची वाट बदलून साधले, असे म्हणता येईल.

दीर्घकाळच्या परिणामांविषयी दोन मोठे अभ्यास प्रमाण मानले जातात. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर स्थूल व्यक्तींची नोंद ठेवण्यात आली. सुमारे निम्म्यांनी शस्त्रक्रिया करवून घेतली, उरलेल्यांनी नेहमीचे उपचार घेतले. त्यांतील बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरले, मग थोडे चढले आणि दहाव्या वर्षी मूळच्या वजनाहून २५ टक्के कमी राहिले. शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या वजनात दोन टक्क्यांहून अधिक फरक पडला नाही. सुमारे ११ वर्षांच्या कालावधीत शस्त्रक्रिया न केलेल्या २,०३७ जणांपैकी १२९ आणि केलेल्या २,०१० जणांपैकी १०१ मरण पावले. अमेरिकेतील यूटा राज्यातील अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायपास झालेल्यांचे वजन दुसऱ्या वर्षी सरासरीने ४५ किलो, सहाव्या वर्षी ३६ किलो आणि बाराव्या वर्षी ३५ किलो घटलेले होते. ज्यांना पूर्वी मधुमेह होता, त्यांपैकी ७५ टक्क्यांचा मधुमेह दुसऱ्या वर्षी ओसरलेला होता; बाराव्या वर्षी हे प्रमाण ५१ टक्के राहिले. काही वजन परत येते, काहींचा मधुमेह परत येतो, पण बराचसा लाभ टिकतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

मात्र लाभ टिकतो, तसाच तोटाही टिकतो. उष्मांकांचे शोषण थोडेच घटते. पण लोह, कॅल्शियम आणि ब-१२ यांची गोष्ट निराळी आहे. लोह मुख्यतः ग्रहणीत शोषले जाते, आणि ग्रहणी तर वाटेतून वगळलेली असते. शाकाहारातील लोह शोषण्यायोग्य व्हायला जठरातील आम्ल हवे असते, आणि त्या लहानशा कुपीत आम्ल जवळजवळ नसते. कॅल्शियमचीही हीच स्थिती असते. तो रक्तात कमी पडू लागला की, शरीर हाडांतून काढून घेते. म्हणून वर्षानुवर्षे हाडे विरळ होत जातात आणि मोडण्याचा संभव वाढतो. ब-१२ च्या बाबतीत तर कॅसलच्या प्रयोगाचीच उलटी पुनरावृत्ती होते. अन्नातून हे जीवनसत्त्व सुटे करणारे आम्ल नसते आणि जठराचा सोबती घटक अन्नाला भेटतो तो उशिरा व अपुरा. यकृताच्या कोठारातील साठा संपेपर्यंत कोणाला काही कळत नाही. मग हातापायांना मुंग्या येतात, स्मृती मंदावते. मज्जातंतूंची ही हानी फार काळ दुर्लक्षित राहिली, तर ती पूर्णपणे भरून येतेच असे नाही.

याहूनही घाईचा धोका ब-१ जीवनसत्त्वाचा. शरीरात त्याचा साठा अवघा दोनतीन आठवड्यांचा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत सतत उलट्या होत राहिल्या, तर तो साठा संपतो आणि दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, भ्रम होणे अशी लक्षणे प्रकट होतात. तांदूळ सडून खाणाऱ्या प्रदेशांत ज्याला बेरीबेरी म्हणून ओळखत, त्या रोगाचेच हे भावंड आहे. अशा वेळी आधी ब-१ न देता नुसते ग्लुकोज शिरेतून दिल्यास अनर्थ ओढवू शकतो.

या सर्वांवर उपाय आहे आणि तो महागडाही नाही. पण तो आजन्म आहे. रोज कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, आणि तोही आम्लावाचून शोषला जाणाऱ्या सायट्रेटच्या स्वरूपात घेतलेला बरा, ऋतुप्राप्त स्त्रियांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, कॅल्शियमपासून वेगळ्या वेळी, ड जीवनसत्त्व, आणि दररोज निदान ६० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण सांगितले जाते. ब-१२ महिन्याला एक हजार मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन घेऊन किंवा रोज मोठ्या मात्रेची गोळी घेऊन मिळविता येते. मोठी मात्रा लागते, कारण जठराच्या सोबत्यावाचून त्यातील सुमारे एक टक्काच शोषला जातो. वर्षातून निदान एकदा रक्ताची तपासणी करावी लागते. गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष लांबविण्याचा सल्ला दिला जातो. शिवाय मद्य आता अधिक वेगाने रक्तात चढते, आणि कित्येकांत त्याचे व्यसन नव्याने लागल्याचे आढळले आहे. यूटामधील २००७ च्या एका मोठ्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांत एकंदर मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण अपघात आणि आत्महत्या यांसारख्या रोगेतर कारणांनी होणारे मृत्यू मात्र वाढलेले दिसले. देह हलका झाला म्हणून मनावरचे ओझे आपोआप उतरत नाही, ही गोष्ट त्या आकड्यांनी बजावली.

भारताच्या दृष्टीने या साऱ्याला विशेष महत्त्व आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९१ मध्ये शस्त्रक्रियेची जी मर्यादा घालून दिली, ती शरीरभार निर्देशांकावर, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यावर, आधारलेली होती. हा आकडा ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून मधुमेहासारखा रोग जडलेला असला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा तो दंडक होता. आशियाई माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी नवी मर्यादा सांगताना आशियाई लोकांत स्थूलतेचीच सुरुवात २५ पासून धरली आणि शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून करावा असे सुचविले. ही आडवाट धरणाऱ्यांची संख्या आपल्याकडे त्यामुळे वाढणार, हे उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. आणि त्याच वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पांडुरोग होता. पुण्यातील खेड्यापाड्यांत, झोपडपट्टीत आणि मध्यमवर्गीय वस्तीत राहणाऱ्या ४४१ पुरुषांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले होते. म्हणजे स्थूलता आणि कुपोषण ही एकाच देशात, एकाच घरात, पुष्कळदा एकाच देहात नांदतात. बॉस्टनच्या माणसाचे कोठार शस्त्रक्रियेच्या दिवशी भरलेले असेल. येथे अनेकांचे कोठार मुळातच अर्धे रिकामे असते. शाकाहारी, जेवणाबरोबर चहा घेणारी, आधीच फिकट पडलेली स्त्री जेव्हा ही शस्त्रक्रिया करवून घेते, तेव्हा तिचा हिशेब पाचव्या वर्षापर्यंत थांबत नाही. म्हणून तिचे रक्त शस्त्रक्रियेच्या आधी तपासणे आणि तूट आधी भरून काढणे अगत्याचे ठरते.

बिलरोथच्या काळी रोगी वाचला म्हणजे शस्त्रक्रिया सफल झाली, असे मानीत. पेन आणि डिविंड यांच्या काळी वजन उतरले म्हणजे ती सफल झाली, असे मानीत. दोन्ही कसोट्या अपुऱ्या होत्या, हे काळाने दाखवून दिले. शस्त्रक्रियेला दोनतीन तास लागतात आणि शस्त्रवैद्याचे कौशल्य त्या दोनतीन तासांत दिसते. पण तिचे यश ठरते ते दहाव्या वर्षी. वजन स्थिर झालेले असते, लोक कौतुक करून थकलेले असतात, औषधाची बाटली फडताळात मागे सरकलेली असते आणि ‘मला आता काही होत नाही’ अशी खात्री वाटू लागलेली असते. त्या वर्षी रक्त तपासून घेण्याची आठवण रुग्णाला राहील काय, घरातील कोणी ती करून देईल काय, आणि ज्या गावी तो राहतो तेथील वैद्याला ही आडवाट ठाऊक असेल काय, या प्रश्नांच्या उत्तरावर आयुष्याची गुणवत्ता अवलंबून असते. लहान आतड्याच्या कोणत्या वीतभर भागात काय शोषले जाते, हे शोधून काढण्यास माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली आणि त्यासाठी अनेक रोग्यांनी मोल दिले. ते ज्ञान आता महिन्याच्या एका इंजेक्शनात आणि रोजच्या दोनचार गोळ्यांत सामावले आहे. ते घ्यायला विसरणे एवढी एकच चूक आता करण्यासारखी उरली आहे.